कोकोचं फळ फोडल्यावर जे उरतं: साल, रस आणि टरफल

एक किलो सुकी कोको बी मिळवायला साधारण २० ते २५ फळं फोडावी लागतात. म्हणजे एक टन बियांमागे फळांची ९ ते १० टन ओली साल बागेत पडते, आंबवणीच्या पेटीखालून अडीचशे लिटरच्या आसपास गोड-आंबट रस जमिनीत जिरतो आणि पुढे कारखान्यात भाजणी-उफणणीनंतर बियांवरचं १२० ते १४० किलो टरफल वेगळं होतं. या तिन्हींना सरसकट ‘कोकोचा कचरा’ म्हटलं की पुढचं सगळं गणित चुकतं. तिघांचं वागणं वेगळं आहे, आणि तो फरक सर्वांत आधी पाण्याच्या प्रमाणात दिसतो. सालीत ८५ टक्के पाणी असतं आणि ती जड, बोजड असते. रसातही तितकंच पाणी, पण त्यात १२ ते १६ टक्के साखर, त्यामुळे तो काही तासांतच फसफसायला लागतो. टरफलात पाणी जेमतेम ६ ते ८ टक्के. ते महिनोन् महिने टिकतं, मात्र बीच्या अंगावरची सगळी घाण त्याच्याकडेच गेलेली असते. कुठल्याही प्रक्रियेची यंत्रं पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे पाणी कोण काढणार, कुठे काढणार आणि किती वेळात?

सुरुवात रसापासून, कारण घाई त्याचीच असते.

फळ फोडल्यावर बियांभोवती जो पांढरा, बुळबुळीत गर असतो त्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि थोडी सुक्रोज, १ ते ३ टक्के सायट्रिक आम्ल आणि साधारण १ टक्का पेक्टिन (जेली घट्ट करणारा घटक) असतं. सामू ३.३ ते ४ च्या दरम्यान. बिया नुसत्या ढिगात ठेवल्या तरी स्वतःच्या वजनाने दबून रस निथळायला लागतो. ब्राझीलच्या बाहिया भागात या रसाला ‘मेल दे काकाऊ’, म्हणजे कोकोचा मध, म्हणतात आणि तो ताजा पितात. घानातल्या ताफो इथे १९३८ मध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्राने पुढे याच रसापासून जेली, व्हिनेगर, वाइन आणि ऊर्ध्वपातित मद्य बनवण्याच्या पद्धती बसवल्या. युरोपीय संघाने २०२० मध्ये कोकोचा गर, त्याचा रस आणि आटवलेला रस यांच्या विक्रीला परवानगी दिली. तेव्हापासून या रसाकडे गंभीरपणे पाहिलं जाऊ लागलं आहे.

रस पिण्यालायक हवा असेल तर काम फळ धुण्यापासून सुरू होतं. जमिनीवरच्या ढिगातली फळं मातीने माखलेली असतात आणि फोडताना ती माती थेट गरात जाते. आधी साध्या पाण्याने घासून धुवावीत, मग १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) क्लोरीनच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं ठेवून पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढावीत. कीड लागलेली, काळी पडलेली किंवा आधीच तडकलेली फळं वेगळी काढावीत. त्यांच्या बिया आंबवणीला चालतील की नाही हा वेगळा विषय आहे, रसासाठी ती चालत नाहीत. फोडायला कोयत्यापेक्षा लाकडी दांडका किंवा बोथट कडा चांगली. कोयत्याने बी कापली गेली की तिच्यातले जांभळे, तुरट पॉलिफिनॉल रसात उतरतात आणि रस करडा-जांभळा व कडवट होतो. शिवाय कापलेल्या बीला पुढे वाळवताना बुरशीही पहिली लागते, तो तोटा निराळाच.

ओल्या बिया स्टेनलेस स्टीलच्या किंवा अन्नयोग्य प्लास्टिकच्या सच्छिद्र ताटात १५ ते २० सेंटिमीटर थरात पसरायच्या, ताटाला थोडा उतार द्यायचा आणि खाली झाकणाचं भांडं ठेवायचं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नये, आम्ल रसात जस्त विरघळतं. पहिल्या दोन-तीन तासांत बराचसा रस येतो, पुढे धार बारीक होत जाते. २८-३० अंश तापमानाला तीन-चार तासांत यीस्ट कामाला लागलेलं दिसतं: बारीक बुडबुडे, हलका मद्याचा वास. म्हणून गोड रस हवा असेल तर पहिल्या तीन तासांचाच घ्यावा आणि निथळताच ५ अंशांखाली थंड करावा, किंवा तिथल्या तिथे पाश्चरीकरण करावं. सामू ४ च्या खाली असल्यामुळे उच्च दाबाच्या निर्जंतुकीकरणाची गरज नाही. ८५ ते ९० अंशांना मिनिटभर, त्याच तापमानाला बाटलीत भरून झाकण लावायचं आणि बाटली तीन मिनिटं उलटी ठेवायची, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. तापवण्याआधी मलमलीतून दोनदा गाळावं. बियांचे तुकडे राहिले तर उष्णतेने कडवटपणा आणखी सुटतो. कापणीनंतर फळं चार-पाच दिवस ठेवली तर गर आतल्या आत आटतो आणि रस बराच कमी येतो. रस काढायचाच असेल तर फळ ठेवून देण्यात अर्थ नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: रस किती काढायचा? याच रसातली साखर आंबवणीचं इंधन आहे. यीस्ट तिचं अल्कोहोल करतं, जिवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल करतात आणि त्या दुसऱ्या टप्प्यात सुटणारी उष्णता ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत नेते. बी मरते ती या उष्णतेने आणि आम्लाने. चॉकलेटची चव ज्या घटकांतून पुढे भाजताना तयार होते ते घटकही तेव्हाच जन्मतात. सगळा रस ओरपून घेतला तर ढीग तापत नाही, बी करड्या-निळसर रंगाची आणि सपाट चवीची राहते. उलट थोडा रस काढणं बियांनाही मानवतं. गर कमी झाला की ढिगात हवा खेळते, आम्ल कमी साचतं आणि जास्त आंबट बियांची तक्रार घटते. आमच्या मते ओल्या बियांच्या वजनाच्या १० टक्के ही सुरक्षित मर्यादा आहे, म्हणजे १०० किलो ओल्या बियांमागे १० लिटर. त्यापुढे जायचं तर प्रत्येक ढिगात मधोमध तापमापक खुपसून नोंद ठेवावी. ४८ तासांनी पहिली पालट करताना ४५ अंशांच्या आसपास हवं. ४० च्या खाली असेल तर पुढच्या खेपेला रस कमी काढा. ढीग लहान असेल, समजा पन्नास किलो, तर मुळातच उष्णता टिकत नाही. तिथे रस काढण्याचा मोह टाळावा. बी हे मुख्य उत्पन्न आहे. पंचवीस लिटर रसासाठी क्विंटलभर सुक्या बियांची प्रत बिघडली तर सौदा फसला.

जेली करायची तर ताजाच रस लागतो, कारण गरातली एन्झाइमं तासागणिक पेक्टिन तोडत जातात आणि शिळ्या रसाची जेली कितीही उकळली तरी घट्ट होत नाही, नुसती काकवी होते. एक लिटर रसाला ७०० ग्रॅम साखर. रुंद भांड्यात मोठ्या आचेवर भरभर उकळून १०५ अंशांना उतरवायचं, रिफ्रॅक्टोमीटरवर ६५ ब्रिक्स, म्हणजे साधारण ६५ टक्के साखर. साधारण १.३ किलो जेली मिळते. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलं तर आम्ल आणि उष्णता मिळून पेक्टिन मोडतात. रस नुसता आटवून पाक करायचा असेल तर वजनाचा अंदाज असा: १६ ब्रिक्सच्या १०० किलो रसाचा ७२ ब्रिक्सचा पाक २२ किलो होतो, ७८ किलो पाणी उडवावं लागतं. उघड्या कढईत हे केलं तर रंग तांबूस होतो आणि ताज्या फळाचा वास उडून जातो. पाक गोड लागतो, पण कोकोच्या गराची ती लिचीसारखी चव त्यात उरत नाही. ती हवी असेल तर निर्वात बाष्पीभवन लागतं. ते यंत्र नसेल तर रस गोठवून ठेवणं बरं.

व्हिनेगर हा सर्वांत क्षमाशील मार्ग आहे, कारण फसफसणं इथे दोष नाही. १६ टक्के साखरेचा रस पूर्ण आंबला की ८-९ टक्के अल्कोहोल होतं. हे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत पाण्याने खाली आणावं आणि त्यात एक पंचमांश न तापवलेलं जिवंत व्हिनेगर विरजण म्हणून घालावं. रुंद तोंडाचं भांडं, वर कापड, तापमान २५ ते ३० अंश. चार ते आठ आठवड्यांत ५ टक्क्यांच्या आसपास आम्लता येते. विरजण कमी पडलं तर पृष्ठभागावर पांढरी, सुरकुतलेली साय येते. ती व्हिनेगरची आई, म्हणजे व्हिनेगरच्या जिवाणूंची साय, नव्हे, जंगली यीस्ट असतं आणि त्याने वास बिघडतो. विरजण भरपूर घालण्याचं कारण हेच: पहिल्या दिवसापासून आम्लता इतकी असते की दुसरं काही वाढत नाही. आम्लता ठरल्यावर भांडं काठोकाठ भरून बंद करावं. हवा मिळत राहिली तर तेच जिवाणू ॲसेटिक आम्ल खाऊन संपवतात.

मद्य गाळण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. परवान्याचा भाग आहेच, पण पेक्टिनयुक्त रस आंबताना एन्झाइमं पेक्टिनपासून विषारी मिथेनॉल सोडतात. ‘पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं’ हा समज साध्या भट्टीच्या बाबतीत खरा नाही. मिथेनॉल पाण्याला धरून राहतं आणि शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय असं मद्य कुणाला देऊ नये.

सालीकडे वळू. तिच्याबद्दल जितकं लिहिलं जातं तितकं प्रत्यक्षात होत नाही, आणि कारण पुन्हा पाणीच. १०० किलो ताज्या सालीत १५ किलो कोरडा भाग असतो. १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली की १७ किलो उरते, म्हणजे ८३ किलो पाणी उडवायचं. चांगल्या ड्रायरलाही एक किलो पाण्यासाठी साडेचार मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते, एकूण साधारण ३७० मेगाज्यूल. आणि वाळलेली १७ किलो साल जाळली तर मिळतात २३५ मेगाज्यूल. जळणासाठी साल जळणावरच वाळवणं हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. सालीवर चालणाऱ्या वीजनिर्मितीच्या योजना कागदावर छान दिसतात, कारण तिथे हिशोब ‘कोरड्या टनाने’ मांडलेला असतो. ऊन असेल तर साल वाळते, नसेल तर तिचं जागेवरच काहीतरी करावं.

जागेवर करण्यासारखं पहिलं काम म्हणजे तिचं खत. सालीच्या कोरड्या भागात पालाश (पोटॅशियम) ३ ते ४ टक्के असतं, बहुतेक खनिज खतांखेरीज इतकं पालाश क्वचितच कशात सापडतं. एक टन सुक्या बियांसोबत बागेतून सुमारे १० किलो पोटॅशियम जातं, पण सालही बाहेर नेली तर हा आकडा ६० किलोच्या घरात पोचतो. म्हणून सालीवर पहिला हक्क त्याच बागेच्या मातीचा आहे, असं आम्ही मानतो. बाहेर विकायची तर तितकं पालाश परत विकत आणायची तयारी ठेवूनच.

साल नुसती झाडाखाली फेकून दिली की भागतं, असंही नाही. काळ्या फळकुजीचा रोगकारक फायटोफ्थोरा सडक्या सालीत तग धरतो, पावसाच्या थेंबांबरोबर उडून खालच्या फळांवर बसतो. दुसरीकडे, कोकोच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्या बारीक माश्या याच कुजणाऱ्या सालीत वाढतात. बाग पूर्ण स्वच्छ केली तर त्यांचा आसरा जातो. व्यवहार्य मध्यम मार्ग असा: रोगट फळांची साल बागेतून बाहेर काढून गरम खतढिगात घालायची, आणि निरोगी सालीचे छोटे ढीग खोडांपासून दूर, सावलीत, ओलसर ठेवायचे.

खताच्या ढिगाचं प्रमाण मोजून घेऊ. सालीचं कर्ब-नत्र गुणोत्तर ४४ च्या आसपास, म्हणजे नत्र कमी. १०० किलो ताजी साल ३ ते ५ सेंटिमीटर तुकडे करून तीन-चार दिवस सुकू द्या, वजन निम्म्यावर येईल. त्यात १० किलो अर्धवट सुकं कोंबडखत आणि ८ किलो वाळका पाला मिसळा. मिश्रणाचा ओलावा ५८ टक्के आणि गुणोत्तर ३० येतं, दोन्ही हवे तिथे. न सुकवता थेट ढीग लावला तर ओलावा ७५ टक्क्यांवर जातो, हवा कोंडते, ढीग तापण्याऐवजी सडतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा सर्वांत जास्त होणारा दोष. ढीग किमान सव्वा ते दीड मीटर उंच आणि तितकाच रुंद हवा, त्याहून लहान ढीग उष्णता धरत नाही. म्हणजे वरचं प्रमाण निदान पंधरा-वीस पट करून एकाच वेळी लावावं. गाभ्यात ५५ अंशांच्या वर तापमान पोचलं पाहिजे आणि प्रत्येक भाग निदान तीन दिवस त्या तापमानात राहिला पाहिजे, तरच रोगाचे बीजाणू मरतात. कडेचा भाग आत येईल अशी चार-पाच वेळा पालट केल्याशिवाय ते साधत नाही. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. ढिगावर पावसापासून आडोसा हवाच. सालीतलं पालाश पाण्यात सहज विरघळतं आणि ढिगाखालून वाहणारं तपकिरी पाणी म्हणजे वाहून जाणारं पालाशच. पक्क्या उताराच्या ओट्यावर ढीग लावून ते पाणी डब्यात धरावं आणि ढिगावरच परत ओतावं. ढिगात राख किंवा चुना घालू नये, सामू चढतो आणि कोंबडखतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

भरपूर ऊन असेल तिथे दुसरा मार्ग खुला होतो: राख आणि तिच्यापासून साबण. पश्चिम आफ्रिकेतल्या काळ्या साबणाचा क्षार कोकोच्या सालीच्या आणि केळवर्गीय सालींच्या राखेतूनच येतो. १०० किलो ताज्या सालीतून वाळवून-जाळून सव्वा ते दीड किलो राख मिळते. जाळताना आच ५०० ते ६०० अंशांच्या आसपास ठेवावी आणि हवा भरपूर द्यावी. काळी राख म्हणजे जळायचं बाकी आहे. फार कडक आच दिली तर पोटॅशियम कार्बोनेट ८९१ अंशांना वितळतं, राखेचे काचेसारखे खडे होतात आणि पाणी त्यात शिरत नाही. चांगली राख करडी-पांढरी आणि भुसभुशीत असते. ती कोरड्या बंद डब्यात ठेवावी, हवेतली ओल शोषून ती लगदा होते.

तळाला छिद्रं असलेल्या बादलीत गवत आणि वाळूचा थर, त्यावर राख. किलोमागे एकूण पाच-सहा लिटर गरम पाणी तीन वेळा करून ओतायचं आणि रात्रभर झिरपू द्यायचं. जे तपकिरी, बुळबुळीत पाणी मिळतं त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं. बहुतेकांचा साबण इथेच फसतो. कार्बोनेट तेलाचा साबण नीट करत नाही. तासन् तास उकळलं तरी तेल वर तरंगत राहतं. त्याचं हायड्रॉक्साइड करायला विझवलेला चुना लागतो. १३८ भाग पोटॅशियम कार्बोनेटला ७४ भाग चुना, त्यातून ११२ भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिळतं आणि खडूसारखा चोथा तळाशी बसतो. चुना दहा-पंधरा टक्के जास्त घ्यावा, ८०-९० अंशांना तासभर ढवळावं आणि द्रावण पातळ ठेवावं. १५ टक्क्यांहून दाट द्रावणात रूपांतर अर्धवट राहतं. निवळ गाळून घेतल्यावर चमचाभर द्रावणात व्हिनेगर घाला. बुडबुडे आले तर कार्बोनेट अजून शिल्लक आहे. आटवायचं ते यानंतर.

एक किलो खोबरेल तेलाला सुमारे २५५ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं. त्वचेसाठीच्या साबणात ५ टक्के कमी, म्हणजे २४२ ग्रॅम घ्यावं, म्हणजे क्षार मोकळा उरत नाही. राखेत निम्मं पोटॅशियम कार्बोनेट असेल आणि त्यातलं ८५ टक्के पाण्यात उतरलं असं धरलं तर ७०० ग्रॅम राख आणि १८० ग्रॅम चुना लागेल. हा ‘निम्मं’चा आकडा मात्र प्रत्येक जाळणीला बदलतो. म्हणून द्रावणाचं हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करावं, म्हणजे आम्ल मोजून थेंबाथेंबाने घालावं: फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा रंग जाईपर्यंत एक वाचन, मिथाइल ऑरेंज या दर्शकाचा बदलेपर्यंत दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे उरलेलं कार्बोनेट. अंदाजाने बनवलेला राखेचा साबण एकदा कातडी सोलतो आणि एकदा तेलकट राहतो, त्याचं कारण न मोजणं. पोटॅशियमचा साबण मऊच होतो, वडी कडक झाली नाही म्हणून घाबरू नये. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा लोखंडाचं हवं. ॲल्युमिनियम या द्रावणात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

सालीतल्या पेक्टिनबद्दल बरीच विचारणा होते. कोरड्या सालीत ते ६ ते १२ टक्के असतं आणि सायट्रिक आम्लाच्या गरम पाण्यात निघतं, पण त्याच्या रेणूवर ॲसिटिल गट जास्त असल्यामुळे ते संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या पेक्टिनसारखं घट्ट जमत नाही. शिवाय ते साका धरून वेगळं करायला भरपूर इथेनॉल आणि तो परत मिळवायची सोय लागते. छोट्या प्रक्रियेसाठी हा मार्ग आम्ही सुचवत नाही.

पशुखाद्याचा विचार करताना थिओब्रोमिनची, म्हणजे कोकोतल्या कॅफीनसारख्या, जनावरांना बाधणाऱ्या द्रव्याची, आकडेमोड आधी करावी. युरोपीय संघाची मर्यादा पूर्ण खाद्यात किलोमागे ३०० मिलिग्रॅम आहे. डुकरांसाठी २००, घोडे, ससे आणि कुत्र्यांसाठी ५०. वाळलेल्या सालीत किलोमागे ३००० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे खाद्यात दहावा हिस्साच. टरफलात १ टक्का, म्हणजे दहा हजार मिलिग्रॅम, म्हणून तिथे तीन टक्क्यांतच मर्यादा संपते. सालीच्या बाबतीत दुसरा धोका अनेकांच्या लक्षात येत नाही: फळकुजीवर तांब्याची फवारणी झालेली असते, तांबं सालीवर साचतं आणि मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं. फवारणीच्या बागेतली साल मेंढ्यांना देऊ नये. सालीत बुरशी दोन-तीन दिवसांत येते. फोडल्या दिवशीच तुकडे करून ३-४ सेंटिमीटर थरात उन्हात टाकली तरच तिचं खाद्य करावं.

टरफलाचा पहिला फायदा टरफलात नसतो, उफणणीत असतो. शुद्ध टरफलात स्निग्धांश अडीच टक्क्यांच्या आसपास असतो, आतल्या निबमध्ये, म्हणजे टरफल काढल्यावर उरणाऱ्या बीच्या तुकड्यांत, ५४. तुमच्या टरफलाच्या नमुन्यात ७ टक्के स्निग्धांश आला तर त्यात जवळपास पावणेनऊ टक्के निब वाहून जात आहे. एक टन बियांमागे १३० किलो टरफलात ११ किलो निब. झोताचा वेग, चाळण्यांचे आकार आणि बी फोडण्याची फट नीट बसवली की हे परत मिळतं. बी फार बारीक फुटली की निबचा चुरा टरफलाबरोबर उडतो. ओलसर बियांचं टरफल निबला चिकटून राहतं आणि दोष उलट बाजूला दिसतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे कोको मासमध्ये (दळलेल्या निबच्या लगद्यात) स्निग्धरहित कोरड्या भागावर टरफल आणि अंकुर मिळून ५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. तेव्हा टरफल दळून कोको पावडरीत मुरवणं हा उपयोग नव्हे, भेसळ आहे.

खाण्यासाठी टरफल वापरायचं तर बिया भाजल्या कशा, हे आधी पाहावं. अख्खी बी भाजून मग उफणली असेल तर टरफलालाही भट्टीची उष्णता लागलेली असते. पण बरेच कारखाने आधी टरफल काढतात आणि नुसते निब भाजतात. तिथलं टरफल जवळपास कच्चं असतं, आंबवणीच्या पेटीतले आणि वाळवणीच्या अंगणातले जिवाणू अंगावर घेऊन आलेलं. त्याला वाफेची प्रक्रिया दिल्याशिवाय अन्नात घेऊ नये. बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू तर भाजणीतही वाचतात. जड धातू आणि ऑक्राटॉक्सिन ए हे बुरशीचं विषही निबपेक्षा टरफलात जास्त भेटतं. धुरावर वाळवलेल्या बियांच्या टरफलात धुराची कर्करोगकारक संयुगंही असतात. म्हणून प्रत्येक लॉटची तपासणी झाल्यावरच खाद्य उपयोग.

एवढं पार पडलं की टरफलाचा चहा हा सर्वांत साधा उपयोग. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम, पाणी ९५ अंश, आठ मिनिटं, बारीक गाळणी. जास्त वेळ ठेवला तर तुरटपणा वाढतो. कोमट करून तासन् तास ठेवू नये, वर सांगितलेले बीजाणू तिथेच फुलतात. पिठात घालायचं तर १०० मायक्रॉनच्या खाली दळावं, नाहीतर दाताखाली कचकच लागते. पावात ५ टक्क्यांपासून सुरुवात करून पाणी वाढवावं, कारण निम्म्याहून जास्त भाग तंतूंचा असल्याने ते पीठ खूप पाणी शोषतं.

बागेत आच्छादन म्हणून टरफल ३ सेंटिमीटर थरात पसरतात. जाड थर पावसात चिकटून त्याची पापडी होते आणि वर पांढरी बुरशी येते. पण ज्या बागेत कुत्री येतात तिथे हे आच्छादन अजिबात नको. कुत्र्याला वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन-कॅफीनपासून त्रास सुरू होतो. दहा किलोच्या कुत्र्याला २० ग्रॅम टरफल पुरतं, आणि चॉकलेटचा वास त्याला बोलावतोच. थिओब्रोमिन इतकं असल्यामुळेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोकोच्या टाकाऊ भागातून ते काढून, त्यावर मिथाइल गट चढवून कॅफीन बनवलं जात असे.

जळण म्हणून टरफल कोरडं असल्याने लगेच पेटतं, पण राख ७-८ टक्के आणि पोटॅशियम भरपूर. ती राख कमी तापमानाला मऊ होऊन बॉयलरच्या जाळीवर आणि नळ्यांवर चिकटते. लाकडात थोडं थोडं मिसळूनच जाळावं आणि नळ्यांची सफाई वेळापत्रकात वाढवावी. टरफल हलकं असतं, वाहन वजनाआधी आकारमानाने भरतं, म्हणून लांब पाठवायचं तर गोळ्या दाबून. दळताना-दाबताना उडणारी धूळ स्फोटक असते. ठिणगी, मोकळे विजेचे जोड आणि साचलेली धूळ तिथे नको. चार-पाचशे अंशांना हवेविना तापवून बायोचार केला तर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका कोळसा मिळतो. सामू १० च्या आसपास, पालाश शाबूत. आम्ल जमिनीत तो खतात भिजवून घातला की उपयोगी पडतो. क्षारीय जमिनीत घालू नये. वजन तिपटीने घटतं तेव्हा टरफलातले बहुतेक जड धातू मागे राहून तितकेच दाट होतात, म्हणून शेतात नेण्याआधी त्याचीही तपासणी करून घ्यावी.